गुरुवारचे घोडेस्वार

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींची एकच खिडकी होती, आणि त्या खिडकीमागे वर्षानुवर्षं एकच बाई बसत होती. लोक तिला खिडकीबाई म्हणत. खिडकीला गज होते, गजांखाली हात आत जाईल एवढी फट होती, आणि त्या फटीतून दिवसभर अख्ख्या गावाचं बोलणं आत येई. नळाला पाणी नाही. पाणी आहे, पण लाल आहे. लाल नाही, पण वास येतो. वास नाही, पण शेजाऱ्याकडे जास्त येतं. खिडकीबाई सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "बघतो आम्ही." आम्ही म्हणजे कोण, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी चौकशी केली नव्हती.

संध्याकाळी ती घरी जाई. घरी तिचा नवरा असे. त्याचं कोपऱ्यावर सलून होतं, आणि आसपासच्या चार गल्ल्यांत त्याला रेडिओ म्हणत. रेडिओला निदान बंद करायचं बटण असतं, असं त्याची सख्खी बहीणच म्हणायची. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होई, तो मानेवरचे केस झटकेपर्यंत. हवा, निवडणूक, गुडघेदुखी, मुलांची लग्नं, शेजारच्या दुकानदाराचा नवा फ्रीज. तो प्रश्नही विचारी, पण उत्तरासाठी थांबत नसे. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा असल्यामुळे उत्तर द्यायची फारशी सोयही नसे.

दिवसभर बोलून तो घरी येई आणि दिवसभर काय काय बोललो ते बायकोला सांगे. ती भांडी घासता घासता "हं" म्हणे. माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, हात उगारणं नाही, जेवणात मीठ कमी पडलं तरी तक्रार नाही. फक्त तो बोलायचा, आणि ती ऐकायची, आणि तिचे कान पार किटून गेले होते.

गुरुवारी कचेरीची खिडकी दुपारी बंद होई. अशाच एका गुरुवारी खिडकीबाई उन्हातून घरी निघाली होती. घरी नणंद आली होती, आणि नणंद म्हणजे तोच रेडिओ, फक्त जरा उंच पट्टीतला. खिडकीबाईची पावलं आपोआप मंदावली. वाटेत सार्वजनिक वाचनालय लागलं. आत 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती पाटी वाचून तिला एवढं बरं वाटलं की ती आत गेली.

वाचनालयाच्या तळघरात एक लहानसं सभागृह होतं. दार उघडं होतं, आत अंधार होता, आणि अंधारात यंत्राची खरखर चालू होती. यंत्रामागे ग्रंथपाल उभे होते. बंद पडलेल्या कुठल्याशा क्लबने जुन्या मूकपटांच्या डब्यांनी भरलेली एक पेटी वाचनालयाला देऊन टाकली होती. सगळे काउबॉयचे. ते वाया जाऊ नयेत म्हणून ग्रंथपाल दर गुरुवारी एक दाखवत. प्रेक्षकांत एक निवृत्त भूगोल शिक्षक होते, ते झोपलेले होते. खिडकीबाईने मागची खुर्ची धरली.

पडद्यावर माळरान होतं. खूप वेळ नुसतं माळरानच होतं. मग दूरच्या कडेला मोहरीएवढा ठिपका दिसला, तो हळूहळू मोठा झाला, आणि तो घोड्यावर बसलेला माणूस निघाला. माणूस जवळ आला, उतरला, टोपी किंचित मागे सरकवली आणि समोर बघितलं. बस. एवढ्यावर तो काय आहे ते तिला कळलं. वाईट माणूस आला तेव्हा तेही कळलं, कारण त्याला मिशा होत्या आणि त्याला स्वतःलाही आपण वाईट असल्याचं ठाऊक होतं. माणसांचे ओठ हलत होते, हात हलत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. मधूनच अक्षरांची पाटी येई. त्यावर दोन ओळी असत, आरामात वाचून होईपर्यंत ती थांबे, आणि निघून जाई. जेवढं सांगणं भाग आहे तेवढंच ही माणसं सांगत होती.

मग नायकाच्या पाण्याच्या पिशवीला गोळी लागली. त्यानंतर बराच वेळ तो वाळवंटातून चालत होता. ओठ फुटले, घोडा बसला, वर नुसतं ऊन. खिडकीबाई पुढे सरकून बसली. एवढी पाणीटंचाई तिने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती, आणि हा माणूस कुणाकडे चकार शब्दाने तक्रार करत नव्हता. त्याने फक्त घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि चालत राहिला.

दिवे लागले तेव्हा ती तशीच बसून होती. ग्रंथपाल रीळ गुंडाळत म्हणाले, "पुढच्या गुरुवारी पण आहे."

"असंच?" तिने विचारलं.

"बरंचसं असंच," ग्रंथपाल म्हणाले. "घोडा वेगळा."

तिला एवढं पुरेसं होतं.

घरी तिने सांगितलं की गुडघ्याच्या व्यायामासाठी दर गुरुवारी एका ठिकाणी जावं लागणार आहे. खोटं बोलायचं तिच्या मनात नव्हतं. पण खरं सांगितलं असतं तर नवरा बरोबर आला असता, आणि तो आला असता म्हणजे मूकपट मूक राहिला नसता. पुढे दर गुरुवारी ती जात राहिली. उंच कड्यावरून पडूनही डोक्यावरची टोपी ढळू न देणारी माणसं तिने पाहिली. धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी पाहिली. ज्यांच्यावर अन्याय झाला ते अर्ज करत नव्हते. खोगीर आवळत होते. रात्री नवरा दुकानदाराच्या फ्रीजबद्दल सांगत असे, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे माळरान असे, आणि "हं" पूर्वीपेक्षा मनापासून निघे. नणंद म्हणाली, "वहिनी, व्यायामाने चेहऱ्यावर तेज आलंय हो तुझ्या."

अशी सगळी घडी बसलेली असताना नवऱ्याचा आवाज बसला.

आधी वाटलं थंड पाण्याने असेल. मग वाटलं हवेने. आवाज घोगरा झाला, मग फाटला, मग शब्दांची शेवटची अक्षरं गायब व्हायला लागली. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. वाईट नव्हती, पण काढावी लागणार होती, आणि काढल्यावर तोंड बंद ठेवावं लागणार होतं.

"किती दिवस?" नवऱ्याने विचारलं.

"मी सांगेपर्यंत," डॉक्टर म्हणाले.

"हळू आवाजात चालेल?"

"कुजबुजसुद्धा नाही. कुजबुजीने तर जास्त ताण पडतो."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने डॉक्टरांकडे पाहिलं. आपल्या चेहऱ्यावर काय दिसत असेल याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिने रुमालाने नाक पुसलं.

गाठ निघाली. घर शांत झालं. पहिल्या दिवशी खिडकीबाईला आपल्या स्वयंपाकघरात नळ गळतो हे नव्याने कळलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे हे कळलं. त्यानंतर मात्र नवऱ्याने पाटी आणि खडू आणला, आणि शांतता संपली. तो लिहायचाही बोलल्यासारखाच. वर मोठी अक्षरं, खाली खाली बारीक होत जाणारी, मग कडेने वळून उलटी. पूर्वी हातातलं काम चालू ठेवून त्याचं ऐकता येई. आता काम टाकून, हात पुसून, चष्मा लावून वाचायला यावं लागे. ती आली नाही तर तो पाटीवर खडू ठोके. घरभर खडूची धूळ झाली.

सलूनमध्ये वेगळीच पंचाईत झाली. रेडिओ बंद पडल्यावर गिऱ्हाइकाला आरशात स्वतःकडे बघत बसण्याखेरीज काम उरलं नाही, आणि फार वेळ स्वतःकडे बघणं कुणाला मानवत नाही. लोक दुसरीकडे जायला लागले. जे आले ते "लवकर बरे व्हा" म्हणून घाईने उठले. दुपारी तो स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसे आणि ती गोल फिरवत राही. हळूहळू त्याने पाटीवर लिहिणंही सोडलं. संध्याकाळी घरी येई, जेवे, आणि भिंतीकडे बघत बसे.

नणंद एक दिवस येऊन भावाला बघून गेली. दारात चप्पल घालताना ती दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, दादाला गप्प बसलेलं मी झोपेतसुद्धा पाहिलं नव्हतं. काहीतरी कर गं. मला भीती वाटते."

खिडकीबाईलाही वाटत होती. जी शांतता तिला इतकी वर्षं हवी होती ती आता घरात मुक्कामाला आली होती, आणि तिच्याशी तिचं जमत नव्हतं. माळरानावरच्या शांततेत काहीतरी येणार असतं, दूरच्या कडेला ठिपका असतो. ह्या शांततेत फक्त एक माणूस भिंतीकडे बघत बसला होता.

गुरुवारी दुपारी ती कचेरीतून सरळ सलूनमध्ये गेली आणि म्हणाली, "बंद करा दुकान. चला माझ्याबरोबर."

त्याने भुवया उंचावून तिच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं.

"गुडघा ठणठणीत आहे," ती म्हणाली. "कधी दुखतच नव्हता."

त्याने पाटी घ्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि निमूटपणे चपला घातल्या. वाटेत तिने सगळं सांगितलं: कुठे जाते, काय बघते, आणि त्याला का सांगितलं नाही. इतकी वर्षं संसार करून एका दमात एवढं ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली. तो मध्ये बोलू शकत नव्हता, त्यामुळे सगळं सांगून झालं.

सभागृहात शिक्षक झोपलेले होते. ग्रंथपालांनी मान लववली. खरखर सुरू झाली. नवरा आधी यंत्राकडे वळून वळून बघत होता. मग खलनायक आल्यावर त्याने तिला कोपर मारलं, आपल्या वरच्या ओठाला हात लावला आणि डिंक लावल्याची खूण केली. मिशी खोटी होती. जरा वेळाने पुन्हा कोपर. नायक दाढी वाढलेला खिंडीत शिरला होता आणि गुळगुळीत दाढी करून बाहेर पडला होता.

"पुढे बघा," ती म्हणाली.

तो पुढे बघायला लागला. नायकाचा जोडीदार खिंडीत मारला गेला होता. नायक एकटाच परत निघाला, जोडीदाराचा घोडा सोबत घेऊन. माळावर एक लाकडी घर होतं. दारात जोडीदाराची बायको येऊन उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून. तिला दोन घोडे दिसले. नायक उतरला. दाराशी आला. टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला. आता पाटी येईल असं खिडकीबाईला वाटलं. पाटी आली नाही. तो नुसता उभा होता. बाईने रिकाम्या खोगिराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि बाजूला होऊन त्याला आत येऊ दिलं.

नवऱ्याने डोळे पुसले. दिवे लागल्यावर त्याने डोळ्यांत धूळ गेल्याची खूण केली. पडद्यावर धूळ पुष्कळच होती, तेव्हा तिने ते मान्य केलं.

त्या आठवड्यापासून तो पुन्हा सलून वेळेवर उघडू लागला. आरशासमोर उभा राहून तो एक भुवई उचलून बघे, मग दुसरी. गिऱ्हाईक आलं की दोन पावलं मागे सरून, डोळे बारीक करून त्याच्या डोक्याकडे पाही, जणू त्या डोक्याशी त्याचं जुनं वैर आहे. मग कात्री काढी. लोकांना मौज वाटायला लागली. "छोटे करू?" हे तो बोटांनी विचारी, आणि उत्तर येईपर्यंत थांबे. थांबावंच लागे. त्या थांबण्यात लोक बोलायला लागले. आधी एखादा शब्द, मग वाक्य, मग त्याच्या हातात वस्तरा तसाच राही आणि गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडाने आपली हकीगत सांगत बसे.

एका संध्याकाळी तो घरी आला तो दारातच उभा राहिला. चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?" खिडकीबाईने विचारलं.

पाटी कोनाड्यातच होती, पण त्याचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्याने एक हात डोळ्यांपुढे धरला, दुसऱ्या हाताने बॅटरी उंच धरल्यासारखं केलं आणि मान वर करून काहीतरी वाचल्यासारखं केलं.

"वीज गेली का दुकानातली?"

नाही. त्याने पुन्हा बॅटरी धरली, मग दाढी केल्याची खूण केली.

"मीटरवाले? आपल्याकडे विजेचा मीटर बघायला येतात ते? ते आले होते?"

हो. मग त्याने दोन्ही हात आपल्या डोक्यावरून कमरेपर्यंत खाली आणले. लांब केस.

"त्यांची बायको."

त्याने एक बोट वर केलं, छताकडे, आणि हात हळूच खाली सोडला.

खिडकीबाईने गॅस बंद केला. "अरे देवा. कधी? आज?"

त्याने मान हलवली. बोटांनी मागे, मागे, आणखी मागे अशी खूण केली, मग तीन बोटं दाखवली. तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं तो माणूस दर पंधरवड्याला दाढीला येत होता, आणि दर पंधरवड्याला त्याच्या तोंडाला साबण लावता लावता रेडिओ विचारत होता, "काय, वहिनी कशा आहेत? मजेत ना? बरं आहे, बरं आहे." आणि पुढे फ्रीज. मीटरवाल्यांनी आज सांगितलं, कारण आज कुणी विचारलं नव्हतं.

नवरा जेवला नाही. खिडकीबाईने ताट झाकून ठेवलं, आणि त्यानंतर दोघं बराच वेळ एकाच भिंतीकडे बघत बसली.

रविवारी सकाळी त्याने इस्त्रीचा सदरा घातला, गळ्याभोवती डॉक्टरांनी सांगितलेला मफलर गुंडाळला आणि तिला चल म्हणून खूण केली. कुठे ते तिने विचारलं नाही.

मीटरवाल्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात कुणाच्या तरी सायकली होत्या. दार वाजवल्यावर मीटरवाले बनियनवरच आले, एका हातात चहाचं गाळणं. दारात सलूनवाला आणि त्याची बायको बघून ते गोंधळले.

"काय झालं? मीटर जास्त पळतोय का?"

नवरा काही बोलू शकत नव्हता. त्याच्या डोक्यावर टोपीही नव्हती. त्याने गळ्यातला मफलर सोडवला, दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घालून उभा राहिला.

खिडकीबाईच्या जिभेवर सगळं तयार होतं. ह्यांना ठाऊक नव्हतं हो, ह्यांना फार वाईट वाटलंय, गेल्या काही दिवसांपासून घशाचं हे असं आहे. आयुष्यभर खिडकीमागून लोकांना समजावून सांगायची तिला सवय होती. पण तिने ओठ मिटून घेतले आणि नवऱ्याच्या शेजारी नुसती उभी राहिली.

मीटरवाल्यांनी मफलरकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे. गाळण्यातून थेंब थेंब चहा फरशीवर पडत होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी सायकल काढली, ती जिन्याला घासत गेली.

"या," मीटरवाले म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.

आत दोन खुर्च्या होत्या आणि एक पलंग. मीटरवाले पलंगावर बसले आणि बायकोबद्दल बोलू लागले. ती कशी हसायची, कशी चिडायची, आजारपणात तिला टरबूज खावंसं वाटायचं आणि ते मिळायचे दिवस नव्हते. शेवटी शेवटी ती स्वतःच त्यांना धीर देत होती. नवरा समोर बसून ऐकत होता. खिडकीबाईने त्याला इतक्या वर्षांत असं ऐकताना पाहिलं नव्हतं. उठताना मीटरवाल्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"वहिनी," ते तिला म्हणाले, "ह्या घरात तिचं नाव मोठ्याने घेतलं गेलं, त्याला फार दिवस झाले होते."

ती म्हणाली, "भाऊजी, गुरुवारी दुपारी काय करता?"

पुढे यथावकाश डॉक्टरांनी नवऱ्याचा घसा पुन्हा तपासला आणि बोलायला परवानगी दिली. नणंद पेढ्यासारखा गोड चेहरा करून मुद्दाम आली होती. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने घसा खाकरला, पाणी प्यायला, बायकोकडे वळला आणि म्हणाला, "त्या खिंडीत दाढी कुठे केली त्याने? ना वस्तरा, ना पाणी. मी कधीचा विचार करतोय."

आवाज पूर्वीचा नव्हता. खरखरीत झाला होता आणि तासाभराने दमायचा. डॉक्टर म्हणाले, तो आता असाच राहील. त्यामुळे त्याला बोलणं जरा निवडून करावं लागे. काय निवडावं हे त्याला नेहमीच जमे असं नाही. फ्रीज अजूनही अधूनमधून येई. पण गिऱ्हाइकाला काही विचारलं की तो वस्तरा बाजूला धरून उभा राही. त्यामुळे दाढीला दुप्पट वेळ लागायला लागला, आणि घाईची माणसं दुसरीकडे गेली ती गेलीच.

गुरुवारी आता तिघं जातात. जाताना नवरा बोलतो, येताना बोलतो, आत बसल्यावर बोलत नाही. बोलतात ते मीटरवाले. जन्मभर आकडे मोठ्याने वाचून लिहून घ्यायची सवय, त्यामुळे पडद्यावर पाटी आली की ते ती खणखणीत आवाजात वाचून काढतात, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. पहिल्यांदा वाचली तेव्हा भूगोलाचे शिक्षक दचकून उठले आणि अख्खा मूकपट त्यांनी जागेपणी पाहिला. दुसऱ्या गुरुवारी ग्रंथपालांनी खिडकीबाईला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या पाहुण्यांना जरा मनात वाचायला सांगू का?"

खिडकीबाईने सभागृहात डोकावून पाहिलं. मीटरवाले घरून आणलेली उशी खुर्चीवर नीट मांडत होते. नवऱ्याने त्यांच्या शेजारची जागा धरली होती आणि तिच्यासाठी मधली खुर्ची हाताने राखून ठेवली होती.

"बघतो आम्ही," ती म्हणाली, आणि आत जाऊन मधल्या खुर्चीवर बसली.